लिनक्स बोलू लागेपर्यंत

"सर, मशीन चालू आहे का बंद, तेच समजून नाही राहिलं."

हा फोन एका रविवारी दुपारी आला. पलीकडे माझा एक विद्यार्थी. नागपुरात मानेवाड्याला राहतो, एम. ए. करतो, माझ्यासारखाच पूर्ण अंध. त्याचा लॅपटॉप जुना. विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, म्हणून त्याने लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकायचं ठरवलं. मित्राकडून पेनड्राइव्ह तयार करून घेतला, लॅपटॉपला लावला, बटण दाबलं. त्यानंतर काहीच नाही. पंख्याची घरघर हाताला लागत होती. पण स्क्रीनवर काय आलंय, काही विचारलंय का, की मशीन अडकलंय, हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्याआधी तो बर्डीवरच्या एका दुकानात जाऊन आला होता. "टाकून जा, फॉरमॅट मारून देतो, उद्या या," असं उत्तर मिळालं. दुकानदाराने चांगल्याच मनाने म्हटलं असेल. पण दुसऱ्याने बसवून दिलेल्या मशीनचा पासवर्ड दुसऱ्याने ठेवलेला असतो. डिस्कवरचं काय पुसलं, काय राहिलं, हे त्याच्या शब्दावर मानावं लागतं, आणि पुढे काही बिघडलं की पुन्हा तेच दार. पोराला ते नको होतं. मला त्याचं म्हणणं पटलं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं बसलो.

लिनक्स वापरणं अंध माणसाला झेपत नाही, असं डोळस मित्र पुष्कळदा मला सांगतात. मी रोज वापरतो: मेल, ब्राउझर, लिब्रेऑफिसमधली पत्रं, सगळं. खरी अडचण त्याच्या आधी येते, मशीन पहिल्यांदा बोलू लागेपर्यंतच्या वेळात. त्या वेळात नेमकं काय होतं हे समजलं की बरीचशी भीती जाते, म्हणून ते नीट सांगतो.

पोळी पानापर्यंत येते कशी

स्क्रीनवरचा मजकूर, बटणं, खिडक्या बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. विंडोजवरचा मोफत एनव्हीडीए आपल्याकडे बहुतेकांच्या ओळखीचा आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे काम ऑर्का करतो. त्याची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली. पुढे अनेक वर्षं जोनमेरी डिग्ज यांनी तो सांभाळला. पण ऑर्का एकट्याने बोलू शकत नाही.

पंगत आठवा. पोळी लाटणारा वेगळा, भाजणारा वेगळा, टोपली घेऊन फिरणारा वेगळा. पानावर बसलेल्याला एवढंच कळतं की पोळी आली नाही. ती कुठे अडली ते त्याला बसल्या जागेवरून कळत नाही. इथेही तसंच आहे. फायरफॉक्ससारखा प्रोग्राम "इथे एक बटण आहे, त्याचं नाव अमुक" ही माहिती ए टी-एस पी आय नावाच्या व्यवस्थेला देतो. ती डी-बस नावाच्या निरोपांच्या वाटेने ऑर्काकडे पोचते. ऑर्का तिचं वाक्य बनवून स्पीच डिस्पॅचरकडे देतो, तो ते ईस्पीक एनजी या आवाज घडवणाऱ्या इंजिनाकडे सरकवतो. घडलेला आवाज पाइपवायर या आवाज पोचवणाऱ्या व्यवस्थेतून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, साउंड ड्रायव्हरकडे जातो, तिथून साउंड कार्डात, आणि मग स्पीकरमधून कानात.

यातला एक हात थांबला तरी पान रिकामं. डोळस माणसाला अशा वेळी निदान एरर दिसते. आम्हाला सगळे बिघाड सारखेच ऐकू येतात, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. आणि लिनक्स बसवताना ही अख्खी पंगत पहिल्या प्रश्नाच्या आधी उभी राहायला हवी. मेट्रोने बर्डीहून खापरीकडे निघावं आणि पहिली तीन-चार स्टेशनं डब्यात पुकाराच होऊ नये, तशी ही अवस्था असते. नंतर कितीही छान घोषणा झाल्या तरी ज्याला अजनीला उतरायचं होतं तो पुढे निघून गेलेला असतो.

जिथे अजून कोणीच बोलत नाही

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर सर्वात आधी बायोस किंवा यूईएफआय जागं होतं. हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा भाग असतो, लिनक्सचा तिथे काही संबंध नाही. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं तर इथल्या बूट मेनूत जावं लागतं, आणि हा मेनू सहसा मुका असतो. कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कळा आवाज-प्रकाशासाठी राखीव असतील तर एफएन कळही सोबत धरावी लागते.

इथे मी स्वतः फोनच्या कॅमेऱ्याची मदत घेतो. सीइंग एआय किंवा लुकआउट या अॅपसमोर स्क्रीन धरली की मेनूतला मजकूर ते वाचून दाखवतात, निवडलेली ओळ कोणती हे मात्र त्यांना नेहमी कळत नाही. तेव्हा बी माय आइज वापरावं. २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या अॅपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर येतो आणि "अजून एकदा खाली, आता एंटर" असं सांगतो. मदत तेवढ्या अर्ध्या मिनिटाची. पासवर्ड त्याला दिसत नाही, डिस्क त्याच्या हाती जात नाही. तरीही हा टप्पा अजून दुसऱ्याच्या डोळ्यांवर चालतो हे मला खटकतं. लिनक्सवाल्यांनी कितीही मेहनत घेतली तरी हे कुलूप लॅपटॉप कंपन्यांनीच काढायला हवं.

आमच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून आपोआप सुरू झाला होता, त्यामुळे हे सगळं टळलं. "दोन मिनिटं थांब," मी म्हटलं, "मग सुपर, ऑल्ट आणि एस एकत्र दाब." सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. त्याने दाबलं, आणि फोनमधून मला तिकडचा आवाज ऐकू आला. ऑर्का सुरू झाल्याचं इंग्रजीत सांगत होता. सकाळपासून मशीन तयारच होतं, फक्त त्याला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. हा कळांचा मेळ ग्नोम डेस्कटॉपवर (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी), म्हणजे उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांच्या, तयार संचांच्या, मुख्य आवृत्तीवरही चालतो. पण हे आधी माहीत नसलेल्या माणसाला कोण सांगणार? स्क्रीनवर लिहिलेलं असून उपयोग नाही, आणि बोलून सांगायचं तर आधी बोलायला हवं.

सगळं बोलतं, नेमका इन्स्टॉलर गप्प

आनंद पाच मिनिटं टिकला. डेस्कटॉपवरची प्रत्येक गोष्ट ऑर्का वाचत होता. "इन्स्टॉल" वर एंटर मारलं आणि पुन्हा शांतता. ऑर्का बंद पडला नव्हता, बाहेर आलं की तो बोलायचा. आत गेलं की गप्प.

हा जुना आणि अनेकांना छळलेला प्रकार आहे. डिस्कची वाटणी करायची म्हणजे इन्स्टॉलरला, म्हणजे लिनक्स बसवून देणाऱ्या प्रोग्रामला, रूटचे, म्हणजे मालकाचे अधिकार लागतात. ऑर्का मात्र साध्या वापरकर्त्याच्या घरात चालतो. डी-बसची निरोपांची वाट प्रत्येक घराची वेगळी असते. रूटच्या घरातला इन्स्टॉलर "इथे बटण आहे" असं आपल्या अंगणात पुकारतो, आणि शेजारच्या घरात बसलेल्या ऑर्काला ते ऐकूच जात नाही. कोणी मुद्दाम केलेलं नसतं. सुरक्षेसाठी घातलेली भिंत असते, आणि तिच्यात आवाजासाठी खिडकी ठेवायचं राहून जातं. चांगल्या वितरणांनी ती खिडकी केली आहे. उबुंटूच्या २४.०४ पासूनच्या इन्स्टॉलरमध्ये तर सुलभतेच्या सोयींचं पानच अगदी सुरुवातीला येतं. पण छोट्या-मोठ्या पन्नास वितरणांत कुठे खिडकी आहे आणि कुठे नाही, हे बाहेरून कळत नाही.

मी त्याला म्हटलं, हे राहू दे, डेबियन हे दुसरं वितरण टाकू.

एस आणि एंटर

डेबियनचा इन्स्टॉलर मी नवशिक्या अंध माणसाला पहिल्यांदा सुचवतो, आणि त्याला कारण आहे. मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ च्या घोषणेतच सांगितलं होतं की ब्रेल यंत्र नसलेल्या अंध व्यक्तीलाही आता आवाजाच्या आधारे डेबियन बसवता येईल. सॅम्युएल थिबो यांच्यासारख्यांनी या कामावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे.

चालतं असं. बूट मेनू आला की मशीन बीप करतं. तेव्हा एस दाबायचं, मग एंटर. थोड्या वेळात आवाज येतो आणि पहिला प्रश्न ऐकू येतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बीप करणारा छोटा स्पीकरच नसतो, मग बीप ऐकू येत नाही. त्यासाठी पुढे केलेली सोय मला फार मोलाची वाटते. मेनूवर कोणीच काही दाबलं नाही, तर तीस सेकंदांनी बोलणारं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. ज्याला मेनू दिसतो तो काहीतरी दाबणारच. जो काहीच दाबत नाही त्याला बहुधा मेनू आलाय हे कळलेलंच नाही. म्हणजे न दाबणं हेच उत्तर धरलं. कोणत्याही इन्स्टॉलरवर काम करणाऱ्या मित्रांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी कितीतरी रविवार वाचतील.

इथे ऑर्का नसतो. चित्रं, खिडक्या काही नसतात, सगळं मजकुरात चालतं. बोलतो तो स्पीकअप, जो थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये राहतो. त्यामुळे ती लांबलचक पंगत इथे खूप आखूड होते. रूट आणि वापरकर्ता यांच्यातली भिंतही मध्ये येत नाही. प्रश्न वाचला जातो, पर्यायांना आकडे असतात, आपण आकडा टाइप करून एंटर मारायचा. नुसतं एंटर मारलं तर सुचवलेलं उत्तर धरलं जातं. मागे जायचं तर "पेक्षा लहान" हे चिन्ह. एखादी ओळ ऐकायची राहिली तर कीबोर्डाच्या उजव्या अंकांवरचा आठ चालू ओळ पुन्हा वाचतो, सात आधीची, नऊ पुढची. ज्या लॅपटॉपवर वेगळे अंक नाहीत तिथे कॅप्स लॉक धरून त्याच क्रमाने आय, यू, ओ.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं इंग्रजीत होतं. देवनागरीसारख्या लिप्या डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये मिळतात, आणि बोलणारी वाट मजकुराची आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला ईस्पीकचा तो यांत्रिक इंग्रजी उच्चार पहिल्यांदा समजत नाही. मी विद्यार्थ्यांना आधी फोनवर त्या आवाजाची सवय करायला लावतो. ईस्पीक अँड्रॉइडवरही मिळतो.

बोलतंय, पण ऐकू येत नाही

डेबियनचा पेनड्राइव्ह लावला, तीस सेकंद झाली, एक मिनिट झालं. पुन्हा काही नाही.

आजच्या मशीनमध्ये साउंड कार्ड एकच नसतं. एक स्पीकरचं असतं, एक एचडीएमआय केबलमधून टीव्हीकडे जाणारं. आवाज टीव्हीच्या वाटेने गेला आणि टीव्ही लावलेलाच नाही, तर मशीन आपलं बोलत राहतं. डेबियनचा इन्स्टॉलर यासाठी प्रत्येक कार्डावर पाळीपाळीने बोलून बघतो आणि ऐकू आल्यावर एंटर दाबायला सांगतो. त्यामुळे घाईने काही दाबू नये, थोडं थांबावं.

दुसरं कारण फर्मवेअरचं. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये साउंड चिप चालू करायला एक छोटा प्रोग्राम चिपमध्ये भरावा लागतो. असं फर्मवेअर पुष्कळदा मुक्त परवान्याचं नसतं, म्हणून डेबियन ते आपल्या अधिकृत पेनड्राइव्ह-प्रतीत ठेवत नसे. डोळस माणसाचं फार तर गाणं वाजलं नसतं. आमच्यासाठी दारच बंद. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत येतं. ती चर्चा तत्त्वांची होती आणि दोन्ही बाजूंना वजन होतं. पण ज्याला मशीनचा आवाज हाच मशीनचा चेहरा आहे, त्याच्यासाठी तो निकाल फार मोठा होता.

तिसरा उपाय सगळ्यात सोपा, आणि मी तो प्रत्येकाला सांगतो: यूएसबीचं साउंड कार्ड. अंगठ्याएवढी वस्तू, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनची जागा. बर्डीवर, मोबाइलच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळते. यूएसबी आवाजाचं ठरलेलं मानक असल्यामुळे अशी बहुतेक कार्डं लिनक्सच्या कर्नलला वेगळं काही न टाकता चालतात. आमच्या पोराकडे कार्ड नव्हतं, पण ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला यूएसबी हेडफोन होता. त्याच्या आतही तेच कार्ड असतं. तो लावून मशीन पुन्हा सुरू केलं, आणि अर्ध्या मिनिटाने भाषा निवडण्याचा प्रश्न त्याच्या कानात पडला.

ज्यांच्याकडे ब्रेल डिस्प्ले आहे त्यांना यातलं काहीच लागत नाही. बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम यूएसबीने जोडलेलं बरंचसं ब्रेल यंत्र इन्स्टॉलरमध्येच ओळखतो आणि मजकूर बोटांखाली आणून देतो. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी हीच वाट आहे. यंत्रं महाग, म्हणून आपल्याकडे कमी दिसतात.

डिस्क

सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. बाकी चूक सुधारता येते, डिस्क पुसली की गेली. इन्स्टॉलर डिस्कची नावं "एस डी ए", "एनव्हीएमई शून्य" अशी वाचतो. नावावरून घरातली कोणती ते कळत नाही. म्हणून विंडोज चालू असतानाच आपल्या डिस्कचा आकार जीबीमध्ये पाहून पाठ करून ठेवावा, पेनड्राइव्हचाही. इन्स्टॉलर नावासोबत आकार वाचतो, त्यावरून ओळखायचं. विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर ठेवायचा प्रयोग पहिल्या खेपेला करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फायली बाहेर काढाव्यात आणि पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय घ्यावा. बदल डिस्कवर लिहिण्याआधी तो शेवटचं विचारतो, आणि तिथे सुचवलेलं उत्तर "नाही" असतं. तिथे नुसतं एंटर मारलं तर पुढे जात नाही, हे माहीत असावं.

डिस्क कुलूपबंद करण्याचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा पर्यायही येतो. सुरक्षेला चांगला आहे. पण तो पासवर्ड मशीन सुरू होताना इतक्या लवकर विचारला जातो की तेव्हा आवाजाची व्यवस्था उभीच राहिलेली नसते. अंदाजाने थांबून टाइप करता येतो, मी काही महिने तसं केलंही. नवशिक्याने पहिल्या खेपेला टाळलेलं बरं.

बसल्यानंतर

आवाजाच्या वाटेने डेबियन बसवलं की ती सोय नव्या सिस्टिममध्येही तशीच उतरते: लॉगिनच्या पडद्यावर आणि डेस्कटॉपवर ऑर्का सुरू मिळतो. ही साधी गोष्ट वाटेल. पण काही वितरणांत पेनड्राइव्हवर ऑर्का सुरू केलेला असतो आणि बसवून झाल्यावर नवं मशीन पुन्हा मुकं असतं, पुन्हा तीच तीन कळांची खटपट.

डेस्कटॉप कोणता? आम्ही माटे घेतला. हलका आहे, ऑर्काशी त्याचं जुनं जमतं, आणि भारतातल्या अंध वापरकर्त्यांसाठी बनलेलं अॅक्सेसिबल कोकोनट हे वितरणही उबुंटू माटेवरच उभं आहे. ग्नोमची गोष्ट मध्यंतरी नाजूक होती. त्याने पडद्यावर खिडक्या दाखवण्याची वेलँड ही नवी पद्धत घेतली, तिच्यात एक प्रोग्राम दुसऱ्याच्या कळा ऐकू शकत नाही. पासवर्ड चोरणाऱ्यांना रोखायला ते बरोबरच, पण स्क्रीन रीडरला तर कळा ऐकाव्याच लागतात. मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये ऑर्कासाठी वेगळी अधिकृत वाट दिली गेली, तेव्हा कॅप्स लॉकसकट त्याच्या कळा तिथे नीट चालू लागल्या.

मराठीसाठी ईस्पीकमध्ये आवाज आहे, पण तो निवडावा लागतो. इंग्रजी आवाजावरच राहिलं तर देवनागरी शब्द तो हिंदीच्या नियमांनी वाचतो, आणि शेवटचा अ कुठे म्हणायचा, कुठे गाळायचा यात मराठी कान अडखळतो.

संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचा पुन्हा फोन आला. लॉगिन झालं होतं, घरचं वायफाय जोडलं होतं, पासवर्ड त्याने स्वतः ठेवला होता. मागे आई कोणाला तरी सांगत होती की पोराने मशीन स्वतः बसवलं.

"सर, हा लई फास्ट बोलून राहिला. हळू कसा करू?"

इन्सर्ट धरून स्पेस दाबायचं, ऑर्काच्या सेटिंगची खिडकी उघडते. आवाजाच्या पानावर जाऊन वेगाचा आकडा खाली आणायचा. लॅपटॉपवर इन्सर्ट सापडत नसेल तर त्याच खिडकीत लॅपटॉपची मांडणी निवडावी, मग इन्सर्टचं काम कॅप्स लॉक करतो. आणि इन्सर्टसोबत एच दाबलं तर शिकण्याचा मोड लागतो. त्यात कोणतीही कळ दाबा, ती काय करते ते तो सांगतो, प्रत्यक्षात काही करत नाही. एस्केपने बाहेर.